कूलरनं गरम होणारं घर

आमच्या घरात थंडावा ही चैनीची वस्तू होती. उकाडा मात्र फुकट मिळायचा, तोही पोटभर. चंद्रपूरला वीज केंद्राच्या कुंपणाला टेकून जी वस्ती आहे, तिथं टिनाच्या छपराखाली आमची एक खोली होती. मे महिन्यात भर दुपारी त्या टिनावर पापड भाजून निघतील, असं बाबा म्हणायचे. आई म्हणायची, "पापडाले पैसे तं आना आधी." बाबा कोळशाच्या यार्डात कंत्राटी कामगार. त्यांनी उपसलेल्या कोळशाची वीज पार मुंबईपर्यंत जायची. कुंपणापलीकडच्या आमच्या खोलीत यायला मात्र तिला घरमालकाची परवानगी लागायची.

या घरमालकानं आम्हाला एक बल्ब आणि एक पंखा दिला होता आणि त्या दोघांवर पहारा करायला स्वतःची नेमणूक केली होती. विजेचे पैसे भाड्यातच धरलेले, त्यामुळे आमचा दिवा जितका वेळ लागायचा तितका वेळ त्याचं अन्न पचायचं नाही. जेवण झालं की तो अंगणात फेऱ्या मारायचा. दाराखालच्या फटीतून उजेड दिसला की खाकरायचा. एकदा खाकरला तर ती सूचना. परत खाकरला की मेन स्विच बंद. आईनं त्याला खाकरायची संधी कधी दिली नाही. पाणी भरायला निघाली, बटण बंद. शेजारीण दारात बोलायला आली, बोलता बोलता हात मागे, बटण बंद. आम्ही जेवत असताना ताटातलं दिसतंय तेवढं बस झालं असं तिला वाटलं, की तेव्हाही बंद. घराण्याचा वारसा म्हणून लोकांना शेतं मिळतात, दागिने मिळतात. मला आईच्या बोटाखालचा तो 'टिक' आवाज मिळाला.

आई कामगारांच्या खानावळीत स्वयंपाकाला होती. अंधारात जायची, अंधारात यायची. पाचवीत मला सरकारी वसतिगृहात घातलं. मी रडले तेव्हा तिनं समजावलं, "तिथं लाइट कोनी बंद करत नाई, पोरी. वाच मनभर." मी वाचलं मनभर. मग बारावी, मग इंजिनीअरिंग, मग पुण्यात नोकरी. आमच्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते, इथं मिळाली. पण पाचवीनंतर मी आईकडे गेले ती कायम सुट्टीतली पाहुणी म्हणून. ती माझ्या पुढ्यात आवडीचं वाढायची आणि मी निघायच्या दिवशी पिशवी भरायची. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला बाबा गेले, तेव्हाही परीक्षा होती म्हणून मी लवकर परतले. माझ्या मनात एकच गोष्ट राहून गेली होती. आईबरोबर सलग राहायचं. इतकं, की एकमेकींचा कंटाळा यावा.

लग्नानंतर नवऱ्याला ब्रॅकनेलमध्ये नोकरी मिळाली आणि आम्ही इंग्लंडला आलो. मलाही मेडनहेडला काम मिळालं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. स्थिरस्थावर झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आईला बोलावलं. व्हिसा सहा महिन्यांचा, परतीचं तिकीट सहा महिन्यांनंतरचं. ती तिसऱ्या आठवड्यात परत गेली.

त्याची हकीकत सांगायलाच हवी. आमचा भाड्याचा फ्लॅट होता ब्रॅकनेलमध्ये, आणि त्यात स्टोरेज हीटर होते. हे हीटर म्हणजे भिंतीला लावलेल्या जाड पेट्या, आत विटा भरलेल्या. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा त्या विटा तापून घेतात आणि दिवसभर ऊब सोडत बसतात. कल्पना चांगली. आम्ही वसंतात राहायला आलो होतो, त्यामुळे ही कल्पना चालताना आम्ही पाहिलेली नव्हती. थंडी पडली, आई आली आणि हीटर दिवसभर भिंतीसारखे गार. नवरा हात लावून म्हणायचा, "अगं, बिघडलेत." मी फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या एजंटला फोन केला. तो म्हणाला, "मागच्या भाडेकरूची तक्रार नव्हती." मी त्याला सुनावलं की मागचा भाडेकरू पेंग्विन असेल. मग आम्ही दुकानातून एक पंख्याचा हीटर आणला, जो दिवसा, महाग विजेवर, कुत्र्यासारखा गुरगुरत बसायचा. त्याच्यासमोर शाल, स्वेटर, वर नवऱ्याचं जॅकेट अशा थरांमध्ये आई. हाताची बोटं सुजून लाल झाली होती तिची. बिल आलं तेव्हा नवऱ्यानं ते पाकिटात परत घातलं. जणू पाकिटात परत घातलं की ते आलंच नाही.

शेवटी आई म्हणाली, "बाई, तुझं घर आहे का कुल्फीवाल्याची पेटी? मले गावाले पाठव."

पाठवली. विमानतळावरून परत आलो, झोपलो आणि सकाळी उठलो तर घर असं उबदार, की नवरा बनियनवर चहा प्यायला बसला. हीटरला हात लावला तर पोळला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आणि मी सोफ्यामागे वाकून भिंतीवरची बटणं पाहिली. सगळी चालू. कारण आदल्या रात्री त्यांना बंद करणारं घरात कोणी नव्हतं. आई रोज झोपायच्या आधी घरभर फिरून एकेक बटण बंद करत होती आणि सकाळी आम्ही उठायच्या आत परत चालू. टिक, टिक, टिक. स्वस्त वीज सुरू व्हायच्या आत.

फोनवर विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "मंग? रातभर चालू ठिवाचं का? झोपल्यावर कोन पाहाते त्याले?"

मी पुष्कळ समजावलं, पण तिचं पक्कं झालं होतं की इंग्लंड माणसानं राहायची जागा नाही. पुढच्या हिवाळ्यात यायचं नाव काढलं की ती विषय बदलायची. मग मी ठरवलं की घर घ्यायचं, आणि घर घ्यायचं तर आधी ते तापतं कसं ते बघून.

त्या वर्षी मी ज्या ज्या घरी जेवायला गेले तिथं पहिल्यांदा रेडिएटरला, म्हणजे भिंतीवरच्या गरम पाण्याच्या पत्र्याला, हात लावला, मग बाईच्या हातातलं सरबत घेतलं. नवरा म्हणायचा, "लोकांना वाटेल त्यांच्या घराला ताप आलाय." मला त्याचं काही नाही. एका सहकाऱ्याच्या खेड्यातल्या घरी तेलावर चालणारा बॉयलर होता. बागेत हिरवी टाकी आणि त्यात काठी बुडवून तेल किती उरलं ते बघायचं. तो तेलाच्या भावाबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही, लग्नाच्या मुलीचा बाप सोन्याबद्दल बोलतो तसा. आमच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या बाईनं दिवाणखान्यात लाकडाची लोखंडी शेगडी बसवून घेतली होती, आणि तिच्या धुराड्याचा खर्च ऐकून मला भोवळ आली. आमच्या आयांनी चूल सुटावी म्हणून आम्हाला शिकवलं, आणि इथे माणसं शिकून, कमावून, कर्ज काढून चूल घेतात! मी तिला म्हटलं, छान आहे. माझ्या डोळ्यांत धुरानं पाणी आलं ते तिला कौतुकाचं वाटलं.

आणि मेडनहेडची माझी पुण्याची मैत्रीण. तिच्याकडे गॅसचा बॉयलर, इथल्या बहुतेक घरांसारखा. ती टायमर लावून सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास घर तापवायची. त्या तासात तिच्याकडे गेलं तर कोकण. तासानंतर गेलं तर हिमालय. तिच्या हळदीकुंकवाला बायका पैठणीवर जाड जॅकेट घालून बसायच्या आणि अत्तर लावायला मनगट बाहेर काढायला तयार नसायच्या. तिचा नवरा घरात कानटोपी घालूनच मीटिंगा घ्यायचा. पण बिलाचा विषय निघाला की ती ताठ व्हायची.

"आमचं बिल बघ आणि लोकांचं बघ," ती म्हणायची. "घर गरम करायचं नसतं गं, माणूस गरम करायचा असतो. स्वेटर कशाला असतात?"

आम्ही मेडनहेडलाच नवं बांधलेलं घर घेतलं. त्यात गॅसच नव्हता. हीट पंप होता, आणि खालच्या मजल्यावर फरशीच्या आतून गरम पाण्याच्या नळ्या. हीट पंप बाहेरच्या हवेतली थोडीफार ऊब ओढून आत देतो. वीज खातो, पण खातो त्याच्या दुप्पट-तिप्पट ऊब परत देतो, असं विकणाऱ्यानं सांगितलं. अट एकच. त्याला बंद-चालू करायचं नाही. मंद आचेवर ठेवलेल्या वरणासारखा तो चोवीस तास चालू द्यायचा. एकदा घर गार पडलं की परत तापवायला त्याचा दम निघतो आणि बिलही फुगतं.

मैत्रीण वास्तुशांतीच्या जेवणाला आली, बाहेर लावलेलं ते यंत्र पाहिलं आणि म्हणाली, "हे घेतलंस? अगं वेडी आहेस का? चोवीस तास चालू? तू भिकेला लागणार बघ."

मी म्हटलं, "पैज लाव. हिवाळा संपला की दोघींची बिलं समोरासमोर ठेवू. जिचं जास्त, तिनं दुसरीच्या घरादाराला पुरणपोळ्या घालायच्या."

"कटाची आमटीपण," ती म्हणाली. तिची खात्री इतकी होती, की तिनं लगेच विचारलं मला पुरण जमतं का.

पैज विनोद होता. खरा प्रश्न आईचा होता. तिला मी नव्या घराचे व्हिडिओ पाठवले, फरशीवर अनवाणी चालताना माझे पाय दाखवले. शेवटी ती ऑक्टोबरात आली, पण अट घालून. तिकीट असं काढायचं की तारीख बदलता आली पाहिजे. "थंडी वाजली का मी चालली," ती म्हणाली. "मंग पाया पडू नको." मला नव्हे, फोनवर जावयाला म्हणाली. त्याला ती वकिलासारखं वापरायची.

पहिल्याच दिवशी मी तिला बाहेर नेऊन हीट पंप दाखवला. मोठी पांढरी पेटी, पुढे जाळी, आत फिरणारा पंखा. चंद्रपूरच्या बाईनं ते एका नजरेत ओळखलं.

"हा तं कूलर आहे!"

"कूलर नाही गं आई. हा घर गरम करतो."

तिनं पंख्यापुढे हात धरला. यंत्र बाहेर फेकतं ती हवा गारच असते. "थंडी हवा देऊन रायला," ती म्हणाली. "उन्हाळ्यात आमच्याजवळ कूलरले पैसे नव्हते, अन् हे बर्फात कूलर लावून बसली. जावई, तुमीतरी सांगा हिले."

जावई म्हणाला, "आई, इंजिनीअर त्या आहेत. मी नुसते हप्ते भरतो."

सुरुवातीचे दिवस छान गेले. सकाळची वंदना करून ती अनवाणी घरभर फिरायची. मग आम्ही दोघं ऑफिसला जायला लागलो आणि घर बिघडलं. संध्याकाळी परत यावं तर घर गार, आई कोपऱ्यात शाल पांघरून. यंत्र बाहेर जिवाच्या आकांतानं घरघरतंय आणि घर तापेपर्यंत झोपायची वेळ. नवरा मोबाइलवर विजेचा आकडा बघून ओठ चावायचा. मी कंपनीला फोन केला. त्यांचा माणूस आला, तपासून म्हणाला, काही दोष नाही. मैत्रिणीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पुरणाला हरभऱ्याची डाळ लंडनला, वेम्बलीच्या गुजराती दुकानात चांगली मिळते, सांगून ठेवते."

नोव्हेंबरात एका संध्याकाळी आई जावयाला म्हणाली, "ते तारीख बदलाचं कसं असते हो, मोबाइलवरच होते का?" जावयानं माझ्याकडे बघितलं. मी पोळी लाटत होते. ती नकाशासारखी झाली.

दुसऱ्या दिवशी मी घरून काम करणार होते, हे आईला सांगायला विसरले. वरच्या खोलीत बसले होते. नवरा गेला, दार लागलं, आणि थोड्या वेळात खाली चप्पल वाजली, मग बारीकसं टिक, टिक, टिक. मी जिन्यातून वाकून पाहिलं. घर किती तापवायचं ते ठरवणाऱ्या, हॉलमधल्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची खालच्या बाणाची कळ आई एकाग्रतेनं दाबत होती, अगदी तळाला जाईपर्यंत. मग तिनं कोपऱ्यातली शाल उचलली, अंगाभोवती गुंडाळली आणि टीव्ही न लावता खिडकीशी बसली.

"आई!"

ती दचकली नाही. "घरीच हायेस का? सांगाचं ना."

"तू रोज हेच करतेस?"

"मंग? घरात मी एकटी. एका म्हातारीसाठी अख्खं घर तापवाचं? तुमी याच्या आधी परत वर करून ठिवतो मी."

"अगं, त्यानंच जास्त बिल येतं! त्याला सारखं चालू ठेवायचं असतं."

"हो का," आई म्हणाली. "चालू ठिवलं तं कमी, बंद ठिवलं तं जास्त. घरमालकाले नाई सुचलं हे. नाई तं त्यानंच आमाले ओरडून ओरडून सांगितलं असतं, लावा बाप्पा लाइट, लावा."

मी कागद घेऊन समजावलं. ती माझा चेहरा बघत होती, कागद नाही. मग मी खोटं बोलले. म्हटलं, हे बिल ऑफिस भरतं.

"ऑफिस भरते तं जावई रोज मोबाइलमधी काय पाहाते? क्रिकेट?"

मला राग आला. मी म्हटलं, "तू थंडीत बसतेस आणि मग थंडी वाजते म्हणून परत जायचं म्हणतेस. हे काय आहे?"

तिनं शालीचं टोक खोचलं. मग म्हणाली, "तुझा पैसा जळते अन् मी शेकत बसू, हे मले नाई जमत, पोरी. थंडी परवडली."

म्हणजे तिला थंडीचा त्रास नव्हता. माझ्या खर्चाच्या उबेत बसायचा त्रास होता. हा बिघाड कुठल्याच कंपनीचा माणूस येऊन दुरुस्त करणार नव्हता. तिला हिशेबानं पटणार नव्हतं, प्रेमानं पटणार नव्हतं आणि दटावून तर अजिबातच नाही. मी टेस्टर आहे. सरळ रस्त्यानं चालत नसेल तर आडून शिरायचं, हे आमचं रोजचं काम.

शनिवारी मी निळ्या झाकणाचं दूध आणलं, म्हणजे इथलं साय असलेलं. वेम्बलीच्या दुकानातून विरजणाला दही आणलं. आईसमोर ठेवून अगदी पडेल चेहऱ्यानं म्हटलं, "आई, इथलं डब्यातलं दही खाऊन कंटाळा आला गं. तुझ्या हातचं लावशील?"

एवढंच. खानावळीत तिच्या दह्यासाठी कामगार ताट घेऊन आधी रांगेत उभे राहायचे, हे तिनं मला हजारदा सांगितलेलं. तिनं दूध उकळलं, कोमट केलं, करंगळी बुडवून पाहिली, विरजण लावलं. "ठिवू कुठी?" मी फरशीचा तो कोपरा दाखवला जिथून नळ्या शिरतात, तिथं फरशी सगळ्यात उबदार. पातेलं टॉवेलात गुंडाळून ठेवलं. शनिवार-रविवार आम्ही घरी, त्यामुळे भिंतीवरच्या कळीला कोणी हात लावला नाही. रविवारी दही असं लागलं, की पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही. आईनं ते मुद्दाम दोनदा तिरकं करून दाखवलं.

सोमवारी तिनं सकाळीच परत दही लावलं आणि आम्ही गेल्यावर, सवयीनं, टिक टिक टिक. संध्याकाळी पातेल्यात दूधही नव्हतं आणि दहीही नव्हतं. मी जीभ चावून धरली होती. आई म्हणाली, "तुमच्या इथल्या गाईच थंड्या." मंगळवारीही तेच. मंगळवारी तिनं विरजणाला नावं ठेवली, वेम्बलीच्या दुकानदाराला नावं ठेवली, पातेल्याच्या बुडाला नावं ठेवली. बुधवारी संध्याकाळी मी आले तर घर उबदार होतं, आई सुती पातळात, शाल खुंटीला. ताटात दह्याची वाटी. मी खाल्लं. तिनं विचारलं, "कसं हाय?" मी म्हटलं, "बरं आहे." ती म्हणाली, "बरं?" आणि दुसऱ्या दिवशी दूध जास्त लावलं.

त्यानंतर थर्मोस्टॅटला कोणी हात लावला नाही. लावायची कोणाची टाप नव्हती. एकदा नवऱ्यानं, जरा उकडतंय म्हणून, बोट पुढे केलं.

"जावई! हात नका लावू. दही लागून रायलं."

"आई, एकच अंश कमी करतोय."

"एक अंशानं तुमचं काय बिघडते? स्वेटर काढा."

नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "घरात हीटिंग दह्यासाठी आहे, आपण पोटभाडेकरू आहोत." मी त्याला डोळ्यानं गप्प केलं. ते वाक्य आईच्या कानावर गेलं असतं तर एखादे वेळी तिच्या डोक्यात उजेड पडला असता.

डिसेंबरात मैत्रीण आली. आत शिरता शिरता तिनं जॅकेट काढलं, मग स्वेटर काढला, मग संशयानं माझ्याकडे पाहिलं. आईनं तिच्यापुढे दही-पोहे ठेवले. तिनं एक घास घेतला आणि विचारलं, "मावशी, हे कुठून आणलं?"

"घरी लावलं ना बाई."

"माझं का लागत नाही मग? मी ओव्हनमध्ये ठेवते, ब्लँकेटात ठेवते, देवासमोर ठेवते. पाणीच."

आईनं विचारलं, "घर गरम ठिवते का दिवसभर?"

"नाही, सकाळी एक तास, संध्याकाळी..."

"हात्!" आई म्हणाली. "एक तासात दही लागते? दही का इन्स्पेक्टर हाय, आला अन् गेला? ते चोवीस तास पाहाते तुमच्याकडे."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून हसले. परत आले तर आई तिला समजावत होती की मंद आचेवर घर ठेवलं तर यंत्राला दम लागत नाही. मी नोव्हेंबरात कागदावर सांगितलेला शब्दन् शब्द. जणू खानावळीत हेच शिकून आली होती. त्या दिवसापासून मैत्रीण दर आठवड्याला स्टीलचा डबा घेऊन यायला लागली, आणि दही घेऊन लगेच निघायची नाही. फरशीवर मांडी घालून बसायची. एकदा नवऱ्यालाही घेऊन आली. त्यानं आमच्याकडे कानटोपी काढली तेव्हा त्याला टक्कल आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

जानेवारीत बर्फ पडला. हे सगळ्यांना सुंदर वाटतं, मला धडकी भरली होती. आई खिडकीशी उभी राहून बराच वेळ बघत होती. नवऱ्यानं, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं, विचारलं, "आई, ती तारीख बदलायची म्हणत होता ना तुम्ही... बघू का?"

मी मागून त्याचा शर्ट ओढला.

"कायले?" आई वळली. "शनिवारी त्या पुन्याच्या पोरीकडे पाव्हणे येऊन रायले, कढीले दही मांगितलं तिनं. मी गेली तं लावंन कोन? हे?" हे म्हणजे मी.

मग माझ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "लहानपनी तू दही खातच नव्हती. आंबट म्हनून थुंकाची."

मी म्हटलं, "आता आवडतं."

"हो, दिसते ना," ती म्हणाली. "तीन दिवसांपासून तुझा दह्याचा डबा जावईच खाऊन रायले." आणि थर्मोस्टॅटपाशी जाऊन तिनं आकडा नीट आहे ना ते पाहिलं. चष्मा लावून पाहिलं. हात लावला नाही.

मार्चमध्ये पैजेची बिलं समोर आली. खरं सांगायचं तर मैत्रिणीचं गॅसचं बिल आमच्या हीटिंगच्या बिलापेक्षा थोडं कमी होतं. ती टाळ्या वाजवणार, तेवढ्यात तिचाच नवरा म्हणाला, "आणि माझ्या टेबलाखालचा इलेक्ट्रिक हीटर? आणि तुझं इलेक्ट्रिक ब्लँकेट? ते विजेच्या बिलात गेलंय." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं खिशातून कानटोपी काढून परत घातली. ते धरलं तर आमचं कमी निघालं, फार नाही. मी आमचे महिनेही आपसांत ताडून पाहिले होते. डिसेंबर नोव्हेंबरपेक्षा कितीतरी थंड होता, पण बिल जवळजवळ तेवढंच आलं, कारण नोव्हेंबरात आईच्या बोटानं दिवसा वाचवलेलं यंत्रानं संध्याकाळी व्याजासकट वसूल केलं होतं. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी तं पहिल्यापासून म्हनत होती, बंद नको करू." आता या बाईशी कोण वाद घालणार?

पुरणपोळ्या मैत्रिणीनं केल्या. कटाची आमटी आईनं तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून सुधारली. मसाला कमी आहे म्हणून दोघींचं भांडण झालं, आणि घरी येताना गाडीत आईचं आणि माझंही झालं, मी मैत्रिणीची बाजू घेतली म्हणून. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. माझ्या बोलण्याची पद्धत, माझे डबे, मी ओला टॉवेल पलंगावर टाकते ते, सगळं तिला खुपायला लागलं होतं. मलाही तिचं पहाटे भांडी वाजवणं. रविवारी सकाळी ती म्हणाली, "तुझ्यासंगं राहाचं म्हंजे डोक्याले ताप हाय." मी म्हटलं, "तुझ्यासंगंपण." आणि मला इतका आनंद झाला, की मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

तिकिटाची तारीख शेवटपर्यंत बदलली नाही. आई ऑक्टोबरात आली आणि एप्रिलमध्ये, व्हिसा संपत आला तेव्हाच गेली. सबंध हिवाळा ती माझ्या घरात अनवाणी, सुती पातळात राहिली.